कॅरिबियन, व्हाया कणकवली

साडूंनी पाण्याखाली काढलेला फोटो पाठवला आणि आमच्या घरात माझ्या मिशीचा विषय निघाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे कळायला मला पुढचे तीन आठवडे लागले.

साडू न्यू जर्सीत असतात, एडिसनला. तिथून पाचेक तास विमानात बसलं की कॅरिबियन, हे ते आपण 'बोरिवलीहून विरार' म्हणावं अशा चालीवर सांगतात. फोटोत साडूंच्या तोंडात नळी होती, डोळ्यांवर काच होती, दोन्ही अंगठे वर होते आणि भोवती काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे होते. चेहरा ओळखू येत नव्हता, त्यामुळे माणूस बरा दिसत होता. खाली ओळ होती, 'तुम्ही कधी येताय?'

हे 'तुम्ही कधी येताय' गेली पंचवीस वर्षं चालू आहे. तिकीट कोण काढणार, एवढं मात्र त्यात कधी नसतं. बायकोने फोटो दोन बोटांनी मोठा केला. मागे पाण्यात तरंगणाऱ्या ताईच्या गळ्यात मंगळसूत्र आहे याची खात्री करून घेतली आणि म्हणाली, "अहो, आपणही जाऊ या."

बोरिवलीत 'जाऊ या' म्हटलं की आधी ग्रुप निघतो. मुलीने त्याच रात्री 'कॅरिबियन कॉलिंग' नावाचा ग्रुप काढला. त्यात आम्ही तिघं, माझे वडील अण्णा (वय ८४, ग्रुपवर फक्त सुप्रभात पाठवतात, तेही दुपारी), आणि समोरच्या फ्लॅटमधले मोटाभाई आणि भाभी. मोटाभाईंना घ्यावंच लागतं. जगातल्या कुठल्याही गोष्टीत डिस्काउंट देणारा एक माणूस त्यांच्या ओळखीत असतो.

घरात कॅरिबियनचा भूगोल एकट्या अण्णांना येतो, तोही क्रिकेटमुळे. किंग्स्टन, ब्रिजटाउन, पोर्ट ऑफ स्पेन ही गावं त्यांना कांदिवली, मालाड, गोरेगावसारखी ओळीने पाठ आहेत. १९७१ साली वाडेकरच्या संघाने तिथे जाऊन मालिका जिंकली, तेव्हा अण्णा तिशीत होते. सरदेसाईच्या ६४२ आणि पोरसवदा गावसकरच्या ७७४ धावा त्यांच्या तोंडावर इतक्या आहेत, की त्यांच्या एटीएमचा पिन काय असेल हे सांगायला ज्योतिषी नको.

"अण्णा, समुद्र कसा आहे तिथला?" मुलीने विचारलं.

"उसळी घेतो," अण्णा म्हणाले. "पहिले दोन तास सांभाळायचं."

मोटाभाईंचा प्रश्न मूलभूत होता. "तिकडे वेज भेटेल काय?"

"आपल्या बोरिवलीचा रोहित २०२४ ला वर्ल्डकप जिंकला, तेव्हा बार्बाडोसच्या खेळपट्टीवरचाच तुकडा उचलून त्याने तोंडात टाकला होता," मी म्हणालो. माती खाऊनही ज्याने माती खाल्ली नाही असा कप्तान विरळा. पण मोटाभाईंचं समाधान झालं नाही. जमिनीखालचं ते खात नाहीत.

मग मुलीने त्रिनिदादचं 'डबल्स' शोधून काढलं. दोन मऊ तळलेले बारे आणि मध्ये चण्याची उसळ. १८४५ पासून आपल्याकडून मजूर भरून बोटी तिथे जात होत्या, त्यातल्या भोजपुरी माणसांच्या नातवंडा-पतवंडांचा हा रस्त्यावरचा नाश्ता. भाभींनी फोटो निरखून पाहिला आणि "छोले-भटूरेच तो छे" असा निकाल दिला. त्या क्षणी त्रिनिदाद नक्की झालं. शेजारच्या टोबॅगो बेटाला बुको नावाची प्रवाळाची रांग आहे, तिथे काचेच्या तळाच्या होड्यांतून नेतात आणि पाण्यात उतरवतात, हेही ठरलं. आता फक्त जायचं राहिलं.

आपल्याकडे जाण्याआधी सामान घेण्याची पद्धत आहे. मी स्नॉर्केलिंगचा मास्क आणि नळी घेऊन आलो आणि रविवारी सकाळी बाथरूममध्ये तालमीला बसलो. मोठी बादली काठोकाठ भरली, तिच्यापुढे गुडघे टेकले, डोकं आत घातलं. नाक काचेत बंद, श्वास तोंडाने. बादलीत स्वतःचा श्वास फार मोठ्याने ऐकू येतो. शेजारच्या बर्थवरच्या घोरणाऱ्या माणसाच्या आत शिरल्यासारखं वाटतं. तळाला एक गुलाबी साबणाची चकती दिसत होती. तिलाच मासा समजून मी एकटक पाहत राहिलो. तेवढ्यात मिशीच्या दोन्ही बाजूंनी पाणी आत आलं, नाकापर्यंत चढलं, आणि मी जो ठसका दिला तो ऐकून कामाच्या मावशींनी दार ढकललं.

साहेब बादलीत डोकं घालून बसलेत, ही बातमी दुपारपर्यंत सी विंगला पोहोचली. संध्याकाळी मोटाभाई आले. दार लावून घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "लोनचा काय इश्यू असेल तर माझ्या ओळखीत एक माणूस आहे."

आता मिशी. मास्कची रबरी कड कातडीला घट्ट चिकटली तरच पाणी बाहेर राहतं. केस मध्ये आले की फट पडते. हे शास्त्र मुलीने मोबाइलवर वाचून दाखवलं आणि घरातल्या दोन्ही बायकांनी माझ्याकडे, म्हणजे नाकाखाली, पाहिलं.

"भावजींनी तिकडे गेल्यावर काढलीच की," बायको म्हणाली.

"त्यांचे वडील गेलेत," अण्णा पेपरमागून बोलले. "माझा अजून पेपर वाचून व्हायचाय."

बाप हयात असताना मिशी उतरवायची नाही, या मुद्द्यावर आमच्या घरात वाद होत नाही. मिशी राहिली. आता फक्त व्हिसा राहिला.

तोही म्हटलं तर नव्हताच. बार्बाडोसला, त्रिनिदादला हिंदी पासपोर्टवर व्हिसा लागत नाही. मोटाभाईंनी टाळ्या वाजवल्या. पण मुंबईहून तिथे थेट विमान नाही. लंडनवरून जावं तर नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा, आणि अमेरिकेवरून जावं तर तिथला पुरा व्हिसा. म्हणजे पाचव्या मजल्यावरचे लोक 'कधीही या' म्हणतात, पण चौथ्या मजल्यावरचे जिना चढू देत नाहीत.

त्यातून त्रिनिदादला पीतज्वर. तिथून परतताना लस घेतल्याचा पिवळा दाखला हवा, आणि लसही निदान दहा दिवस आधी टोचलेली. दाखला नसेल तर इथे उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. परक्या देशात सरळ प्रवेश आणि अडवणार ते सहारला! बायकोला निराळीच काळजी. "सहा दिवस दार बंद दिसलं तर मावशी दुसरं काम धरतील."

तारखांचं तर विचारूच नका. मुलीला सुट्टी दिवाळीत, आणि तिथे जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम. "वर्ल्डकप जिंकलेली टीम बेरिल वादळात तिथे अडकून पडली होती," अण्णांनी आठवण दिली. "२९ जूनला जिंकले ते ४ जुलैला घरी आले. रोहितला आणायला खास विमान गेलं. तुझ्यासाठी कोण पाठवणार?" मी मोटाभाईंकडे पाहिलं. विमानवाला मात्र त्यांच्या ओळखीत नव्हता.

शेवटी मुलीने एक्सेल शीट केली. तिकिटं, हॉटेल, व्हिसा, विमा, लस असे रकाने पाडले. बेरीज आली तेव्हा तो रकाना एवढ्या आकड्यांना पुरला नाही आणि तिथे नुसत्या फुल्याफुल्या दिसू लागल्या. रकाना रुंद करायला कोणी सांगितलं नाही. ग्रुपचं नाव दोन दिवस 'अंदमान आहा' होतं, एक दिवस 'लक्षद्वीप बघू', आणि मग आठवडाभर कोणी काही बोललं नाही. फक्त अण्णांचं सुप्रभात येत होतं.

त्याच शांततेत अण्णा एकदा जेवताना म्हणाले, "कोलंबस १४९२ ला निघाला होता हिंदुस्थानला. पोचला कॅरिबियनला. तुम्ही कॅरिबियनला निघालाय, कुठे पोचताय ते बघू."

आम्ही मालवणला पोचलो.

पूर्वी कोकणची गाडी धरायची तर बोरिवलीकराने सामान घेऊन आधी दादर नाहीतर ठाणं गाठायचं. ऑगस्ट २०२४ पासून वांद्र्याहून मडगावला जाणारी गाडी आठवड्यातून दोनदा बोरिवलीला थांबते. जानेवारीतल्या एका शुक्रवारी आम्ही भल्या सकाळी तिच्यात बसलो. वसई यायच्या आत भाभींचे थेपले निघाले, पनवेलला छुंदा, चिपळूणला खाखरा. ढोकळा संपता संपता कणकवली आलं. तिथून गाडी करून मालवण.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर गेलो. समोर समुद्रात सिंधुदुर्ग. १६६४ च्या नोव्हेंबरात महाराजांनी या खडकाळ बेटावर काम सुरू केलं, पायात शिसं ओतलं, आणि १६६७ ला किल्ला उभा. ग्रुप काढला नाही, एक्सेल केली नाही. अण्णा किल्ल्यातच थांबले. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या विहिरी. "तुम्ही खाऱ्यात बुडा, मी गोड्यापाशी बसतो," एवढं बोलून ते दहीबावेच्या सावलीत टेकले.

किल्ल्याभोवतीचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, एकूण २९.१२ चौरस किलोमीटर. आमच्या होडीवर पाण्यात उतरवणारा एक विशीतला पोरगा होता. एकेकाला लाइफ जॅकेट घालत, मास्क चढवत तो माझ्यापाशी आला आणि थबकला. मी आवंढा गिळला.

"काकानू, मिशी," तो म्हणाला.

"वडील आहेत," मी म्हणालो. "त्या बुरुजाआड बसलेत."

त्याने मान डोलावली, जणू हे कारण त्याला रोज ऐकायला मिळतं. मग फळीखालून व्हॅसलीनची डबी काढली आणि तर्जनीवर भलामोठा गोळा घेऊन माझ्या मिशीवर लिंपला, गवंडी भेगेत सिमेंट भरतो तसा. मास्कच्या काचेत आतून थुंकला, पाण्याने विसळला, म्हणजे वाफ धरत नाही म्हणे, आणि माझ्या तोंडावर बसवला. "नाकान श्वास घेव नका. तोंडान घेवा. भियाचा नाय." आणि मी विचार करायच्या आत मी पाण्यात होतो.

मिशीतून एक थेंब आत आला नाही.

अडचण दुसरीच होती. चष्मा होडीत राहिला होता. माझा नंबर उणे पाच. चष्म्याविना मला स्पष्ट दिसतं ते वीतभर. त्यापुढचा समुद्र हिरवट दुधासारखा. खाली खडकावर काहीतरी तपकिरी, गोल, फुगीर होतं. तो प्रवाळ, असं मला नंतर सांगण्यात आलं. मला तो कुणीतरी विसरलेला पावट्यांचा ढीग वाटला. एवढे पैसे, एवढं व्हॅसलीन, आणि दिसतंय काय तर गढूळ ताक! तेवढ्यात त्या पोराने मुठीतला पाव माझ्या काचेसमोर कुस्करला.

आणि ते आले. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे, हाताच्या पंज्याएवढे, दहा, वीस, मग मोजता येईनात. इतके जवळ, की एकाचा डोळा माझ्या डोळ्यासमोर बरोबर एका वितीवर थांबला. मला त्याच्या कल्ल्याची उघडझाप दिसत होती. ओठ हलत होते. लोकलच्या दारात उभ्या माणसाने 'आत सरका' म्हणावं, तसा त्याचा चेहरा होता. मी सरकलो. मागून आणखी चार आले. पंचवीस वर्षं साडेआठची चर्चगेट पकडणाऱ्या माणसाला त्या गर्दीत एकदम घरचं वाटायला लागलं. (माशांना पाव घालू नये, असं मुलीने वर आल्यावर सुनावलं. तिचं बरोबर आहे. पण ती सवय माशांना आमच्या आधीपासूनची.)

पलीकडे मोटाभाई पालथे तरंगत होते, हात जोडून. मालवणात माशाकडे इतका वेळ पाहूनही ज्याला भूक लागली नाही, असा तो एकच माणूस असावा. आमचं तसं नव्हतं. रात्री खानावळीत मी, बायको आणि मुलीने सुरमई मागवली तेव्हा त्यांनी पाठ फिरवून घावणे खाल्ले. आमची ताटं उचलली गेली तशी वळून सोलकढीचे तीन पेले घेतले आणि ओळखीतला कोकमवाला आहे, असं जाहीर केलं.

त्या पोराने पाण्याखाली काढलेला माझा फोटो मुलीने साडूंना घरच्या ग्रुपवर पाठवला. तोंडात नळी, डोळ्यांवर काच, दोन्ही अंगठे वर, भोवती काळे-पिवळे पट्टे. या माशांना सार्जंट मेजर म्हणतात, तिकडच्या समुद्रातले साडूंचे आणि इकडचे आमचे हे चुलत भाऊ, असं तिने मला समजावलं. दोन फोटो शेजारी ठेवले तर फरक फक्त मिशीचा.

निळ्या खुणा लगेच उमटल्या. 'वा! वा! कुठलं आयलंड?'

मुलीने लिहिलं, 'कुरटे.' त्यात खोटं काही नव्हतं. सिंधुदुर्ग ज्या बेटावर उभा आहे त्याचं नाव कुरटे.

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. साडू नकाशा बघत असावेत. मग प्रश्न आला, 'फ्रेंच लोकांचं का? व्हिसा लागतो?'

कोण काय उत्तर देतं याची आम्ही सगळे वाट पाहत असताना अण्णांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि एका बोटाने लिहायला घेतलं. सुप्रभातखेरीज अण्णांनी लिहिलेला तो पहिला मेसेज. 'व्हिसा नको. भरती बघून या.' खाली सवयीने सूर्याचं चित्र आणि सुप्रभात जोडून दिलं. आमच्याकडे रात्रीचे साडेआठ वाजले होते. साडूंकडे, पहिल्यांदाच, खरोखरची सकाळ होती.