चौसष्टचा थाट

घरी आयएसडीएन, म्हणजे फोन आणि नेट एकत्र देणारी डिजिटल लाइन, घेणं म्हणजे एकेकाळी दारात हत्ती बांधणं होतं. तार तीच जुनी तांब्याची, पण तिच्यावर ६४ केबीपीएसच्या दोन वाहिन्या. दोन्ही जुंपल्या की १२८. म्हणजे तीन एमबीचं गाणं तीन-सव्वातीन मिनिटांत हजर! एक वाहिनी फोनला मोकळी ठेवली, तर पोरगं नेटवर असतानाही काकांना मोंढ्यातला भाव विचारता येई. दोन्ही जुंपल्या तर मीटरही दोन कॉलचं पळे, हा साक्षात्कार मात्र बिलासोबत व्हायचा. भिंतीवर एनटी नावाची डबी, तिला घरची वीज. साध्या फोनला वीज एक्स्चेंजमधूनच येई; त्यामुळे जालन्याच्या भारनियमनात तो बिचारा बोलत राही आणि हत्ती बसकण मारी.

आता अंबडच्या पारावरच्या पोराचा दिवसाचा डेटा संपला की कंपनी वेग उतरवते. किती? बऱ्याच प्लॅनमध्ये नेमका ६४ केबीपीएसवर! बापाच्या काळी ज्याच्यासाठी अर्ज, अनामत आणि वर साहेबांची ओळख लागायची, ती वाहिनी आज शिक्षा म्हणून फुकट मिळते. पोरगं म्हणतं, "नेट मेलं," आणि बापाकडेच हॉटस्पॉट मागतं.