होगी सार, होगी!

म्हैसूरच्या विजयनगरची आखणी करणाऱ्यांनी पट्टी घेऊन रेघा ओढल्या. काही रेघांना 'मेन' नाव दिलं, त्यांना छेदणाऱ्यांना 'क्रॉस', आणि काम झालं म्हणून ते घरी गेले. आतल्या गल्ल्यांत सिग्नल नाही, पोलीस नाही, 'थांबा'ची पाटी शोधूनही सापडायची नाही. त्यामुळे फर्स्ट स्टेजपासून फोर्थ स्टेजपर्यंत इथे पावलोपावली एकेक चौक भेटतो आणि तो केवळ लोकांच्या स्वभावावर चालतो.

स्वभावाचा विषय निघालाच आहे, तर सांगतो : मी पुण्याचा. चौकात शिरणाऱ्या पुणेकराची अशी पक्की समजूत असते की चौक आपला आहे, बाकीचे तिथे चुकून आलेत. ऐकायला हे बरं वाटत नाही, पण सायकलवाल्याची त्यात मोठी सोय असते. आपल्यासाठी कोणी थांबणार नाही, याबद्दल शंकाच नाही! याच भरवशावर मी शाळा, कॉलेज आणि नोकरी सायकलवर सुखरूप पार पाडली.

मग मुलाला हेब्बाळकडच्या कंपनीत नोकरी लागली, आम्ही उभयता त्याच्याकडे राहायला आलो आणि मी सज्जनांच्या तावडीत सापडलो.

इथे कोपऱ्यावर सायकल जरा हळू केली की उजवीकडून येणारी मोटार थांबते. काच खाली होते, हात बाहेर येतो. "होगी सार, होगी!" म्हणजे जा. मी म्हणतो, "तुम्ही जा." तो पुन्हा "होगी". लखनौच्या नवाबांची या भानगडीत म्हणे आगगाडी सुटली. इथे माझ्या हँडलला अडकवलेल्या पिशवीतलं नंदिनीचं दूध तापायला लागतं.

या प्रेमळ हातापायी एकदा माझं पुढचं चाक गेलं. मी 'होगी'ला मान देऊन मोटारीच्या पुढून निघालो. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याला आमचं काय ठरलंय ते कुठून कळणार? त्याला इतकंच दिसलं, की पुढचं धूड विनाकारण थांबलंय आणि उजवीकडून वाट मोकळी आहे. त्यानं ती घेतली. मी मोटारीच्या आडून बाहेर पडलो तो थेट त्याच्या पुढ्यात. ताशी ३० किलोमीटरने निघालेली स्कूटर सेकंदाला ८ मीटर जाते, म्हणजे ब्रेकची आठवण होईपर्यंत ३० फुटी रस्ता जवळपास संपलेला असतो. मी गुडघ्यावर निभावलो. शहाळीवाल्यानं स्टूल दिलं, स्कूटरवाला "सॉरी सार, सॉरी सार" म्हणत चाक सरळ करायला लागला, आणि मोटारवाले गृहस्थ खाली उतरून कळवळून म्हणाले, "मी तर तुम्हाला जा म्हटलं होतं!"

खरं म्हणजे पाळी त्यांची होती. आपल्याकडे रस्त्यावर वागण्याचे नियम १९८९ साली केले, त्यातला नववा हाच : मोठा म्हणून ठरवलेला रस्ता असेल तर त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यायचं, नाहीतर उजवीकडून येणाऱ्या सगळ्यांना. २०१७ साली नियमावली बदलली, तत्त्व तेच राहिलं. 'सगळ्यांना' यात सायकलही आली, म्हणजे उजवीकडून आठवीतली मुलगी लेडीबर्डवरून दप्तर सावरत येत असेल तर फॉर्च्युनरनं गपचूप थांबायचं. मला हा नियम फार आवडतो. आमच्या शेजारच्या निवृत्त बँक मॅनेजरांना नाही. त्यांचं घर फोर्थ मेनवर. पाटीवर 'मेन' लिहिलंय, तेव्हा आपला रस्ता मोठा आणि क्रॉसवाल्यांनी थांबायचं, असं ते मानतात. त्या मेनवर दोन मोटारी समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं, तो भाग वेगळा.

नियमात एक गंमतही आहे. चारही बाजूंनी चौघे एकदम आले तर प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी असतंच, आणि कायद्यानं चौघांनाही निवृत्त होईपर्यंत तिथेच उभं राहावं लागेल. पण हे रोज घडत नाही. रोज काय घडतं, तर कोपऱ्यावरच्या बंगल्याची बोगनवेल कंपाउंडबाहेर फुटपाथभर पसरते, तिला लागून पाहुण्यांची गाडी उभी राहते, आणि उजवीकडचं बघायला सायकलचं अख्खं चाक चौकात घालावं लागतं.

वास्तविक म्हैसूरकरांना उजवीकडे बघायला शिकवावं लागू नये. के. आर. सर्कलसारखी सर्कलं या गावात पिढ्यान् पिढ्या आहेत, आणि सर्कलमध्ये शिरताना आधीचे फिरणारे उजवीकडूनच येतात. तिथे कोणी काच खाली करून हात हलवत नाही. शिवाय २०१७ मध्ये याच गावानं 'ट्रिन ट्रिन' ही सार्वजनिक सायकल योजना सुरू केली, तेव्हा सायकलीचं वावडं आहे असंही नाही.

तेव्हा मोटारवाल्यांना हात जोडून विनंती : तुमची पाळी असेल तर जा. नसेल तर थांबा, पण हात हलवू नका. तुमच्या मागच्याची हमी तुम्हाला देता येत नाही. सायकलवर असाल तर थांबलेल्या मोटारीच्या नाकाशी पाय टेकवा, मान पुढे काढून तिच्या पलीकडची बाजू बघा आणि मगच निघा. तोवर आतून "होगी, होगी" चाललं असेल, तर चालू द्या.