विठ्ठल काही उमटेना

माझ्या अटी साध्या होत्या. वजन एक किलोच्या आत, किंमत पंधरा हजारांच्या आत, बॅटरी अकलूजपासून पुण्यापर्यंत टिकली पाहिजे आणि मराठी टाइप झालं पाहिजे. पुतण्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, यातल्या कुठल्या तरी तीनच सांगा." मी त्याला उद्धट ठरवून गप्प बसवलं. निवृत्त माणसाला कुणाला गप्प बसवायची संधी फार क्वचित मिळते, ती सोडू नये.

माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. रसाचा ब्रिक्स मोजायचा, पोल काढायचा, आकडे शिफ्टच्या वहीत भरायचे. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली आणि पुढं आमच्या श्रीपूरचं नाव साखरेशी कायमचं जोडलं गेलं. तेव्हापासून आमच्याकडं ऊस असो की सोयरीक, काट्यावर घातल्याशिवाय कुणाला पटत नाही. लॅपटॉपसाठीही मी वही घातली. रकाने आखले. प्रोसेसर, रॅम, स्टोरेज, वजन, बॅटरी, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'महाग' असं लिहिलं गेलं.

लॅपटॉप कशाला हवा होता, तर वारीसाठी. तुकोबांची पालखी अकलूजचं गोल रिंगण आणि माळीनगरचं उभं रिंगण करून बोरगावला मुक्कामाला जाते, ती आमच्या श्रीपूरवरूनच. तिच्याबरोबर अकलूज ते पंढरपूर चालायचं, रोजच्या रोज लिहायचं आणि दिवाळी अंकाला द्यायचं, असा बेत होता. संपादकांना फोनवर विचारलं तर ते म्हणाले, "पाठवा, बघू." हा करार झाला असं मी घरात सांगितलं.

अभ्यास मात्र मनापासून केला. 2007 साली असुस या तैवानच्या कंपनीनं सात इंची पडद्याचा 'ई पीसी' काढला आणि स्वस्त, चिमुकल्या लॅपटॉपांची लाट आली. त्यांना नेटबुक म्हणत. 5 ऑक्टोबर 2011 रोजी कपिल सिब्बल यांनी दिल्लीत 'आकाश' टॅब्लेट आणला, तेव्हा जगातला सगळ्यात स्वस्त टॅब्लेट भारताचा, म्हणून वर्तमानपत्रांनी पानं भरली होती. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टचा सरफेस आला. पाठीमागं टेकू, पुढं सुटा होणारा कीबोर्ड. ती किंमत मी वहीत लिहिलीसुद्धा नाही. मग 2015 साली मायक्रोमॅक्सनं 14,999 रुपयांत 'कॅनव्हास लॅपटॅब' आणला आणि आपल्या खिशाच्या माणसाचाही कुणी विचार करतंय, हे कळलं. मी बाजारात उतरलो 2018च्या दिवाळीत, तोवर या जातीची बरीच पिल्लं दुकानांत दिसू लागली होती.

सोलापूरच्या नवी पेठेत एका दुकानात तो दिसला. कंपनीचं नाव सांगत नाही. पडदा दहा इंची, रॅम दोन जीबी, स्टोरेज बत्तीस. दुकानातल्या पोरानं पडदा कीबोर्डपासून खाडकन उपटून दाखवला. मला वाटलं, मोडला. "टू-इन-वन आहे काका," तो म्हणाला, "हवा तेव्हा लॅपटॉप, हवा तेव्हा टॅब." खोक्यावर वजन लिहिलं होतं 580 ग्रॅम. मी तिथल्या तिथं पैसे मोजले.

घरी आल्यावर आमच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवला. पडदा, कीबोर्ड, चार्जर आणि बरोबर मिळालेली रेग्झिनची पिशवी, सगळं मिळून सव्वा किलोच्या जवळ. खोक्यावरचं वजन नुसत्या पडद्याचं होतं. हे खोटं नाही, असं पुतण्या म्हणाला. सगळेच असं लिहितात. उसाच्या ट्रॉलीचं वजन ट्रॅक्टर सोडून करतात, तसं.

संध्याकाळी दाजी आले. त्यांची शेती मंगळवेढ्याकडं. त्यांनी पडदा लावून पाहिला, काढून पाहिला, पुन्हा लावला. पुतण्यानं माहिती पुरवली की याला हायब्रीड म्हणतात. दाजींचा चेहरा पडला. साठ-सत्तरच्या दशकात हायब्रीड ज्वारी आली, तेव्हा त्यांच्या वडिलांनीही पेरली होती. "पोती भरली, पर भाकरी घशाखाली उतरंना," दाजी म्हणाले. "शेवटाला मालदांडीच पेरली." मोहोळच्या संशोधन केंद्रानं निवडलेली मालदांडी 35-1 हा दाजींच्या बोलण्यातला शेवटचा शब्द असतो, त्यापुढं युक्तिवाद चालत नाही. मी त्यांना पडद्यावर बोट फिरवून फोटो मोठा करून दाखवला. "ज्वारी चांगली दिसतीया," ते म्हणाले. फोटो नातीच्या बारशाचा होता.

पहिली परीक्षा अकलूज-पुणे एसटीत. खिडकीची जागा मिळाली, लेख सुचत होता. या यंत्राच्या पाठीला टेकू असतो आणि टेकूला टेबल लागतं, हे मला इंदापूरच्या अलीकडं कळलं. मांडीवर ठेवला की पडदा मागं कलंडतो. कीबोर्ड पुढं सरकवला तर टेकू गुडघ्यावरून घसरतो, आणि मागं ओढला तर माझं पोट आड येतं. शेजारी एक गृहस्थ बसले होते, मोठ्या मनाचे. त्यांनी पडदा दोन्ही हातांनी धरला. मी टाइप करतोय, ते धरून बसलेत. आता माणसाच्या हातात लेख आला की तो वाचणारच. इंदापूर सोडल्यावर त्यांनी सुचवलं, "हा पॅरा आधी घ्या की." घेतला. मग म्हणाले, "एवढं जड लिहू नका, लोक वाचत नाहीत." तेही ऐकलं. भिगवणला ते उतरले आणि लेख तिथंच थांबला. आजही मला वाटतं, तो त्यांनी पुरा केला असता तर जास्त चांगला झाला असता.

स्टोरेजची कथा थोडक्यात. बत्तीस जीबीतली हातात येते एकोणतीसच्या आसपास, त्यातली बरीचशी विंडोजच व्यापून बसते, आणि अपडेटला आणखी मोकळी जागा लागते. हे स्टोरेज बोर्डावरच डकवलेलं असतं, बदलून मोठं घालता येत नाही. 2019 साली मायक्रोसॉफ्टनं नव्या संगणकांसाठी किमान 32 जीबीची अट घातली. म्हणजे ज्याला मी माझी ऐपत समजत होतो, ती तेव्हा किमान अट ठरली. मी एकेक फोटो काढून टाकत गेलो. बारसं गेलं, पुण्याच्या घराची वास्तुशांत गेली. पालखीच्या आदल्या रात्री ज्ञानेश्वरीची पीडीएफ काढायची की भावाच्या साठीचा व्हिडिओ, असा पेच आला. ज्ञानेश्वरी राहिली. भावाला हे अजून सांगितलेलं नाही.

तर वारी. मी मराठी टाइप करतो इनस्क्रिप्टनं. 1991 साली भारतीय मानक ब्युरोनं प्रमाणित केलेली ही पद्धत. एकदा बोटांत बसली की डोळे मिटून टाइप करावं. हिच्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. ट आणि ठ एंटरच्या अगदी लगत, ड आणि ढ त्यांच्या वरच्या रांगेत, पी अक्षराच्या पलीकडं. इंग्रजीत त्या बटणांवर अवतरणचिन्ह आणि कंस असतात, म्हणून दहा इंची कीबोर्ड बनवणारा जागा वाचवायला पहिला त्यांच्यावरच हात टाकतो. मधली अक्षरं पूर्ण रुंदीची आणि ही शेवटची बटणं अर्धी, करंगळीच्या नखाएवढी.

माळीनगरचं रिंगण पाहून आम्ही रस्त्याकडेच्या लिंबाखाली विसाव्याला बसलो. मी पिशवीतून यंत्र काढलं, पोत्यांच्या थप्पीवर टेकू रोवला. पहिलं वाक्य मनात तयार होतं, ते विठ्ठलापासून सुरू होत होतं. व, पहिली वेलांटी, मग शिफ्ट आणि ठ. करंगळी ठच्या अर्ध्या बटणावरून एंटरवर गेली. पडद्यावर 'वि' राहिला आणि मी खालच्या ओळीवर. पुन्हा वि, पुन्हा खाली. थोड्या वेळात पानभर एकाखाली एक 'वि' उभे राहिले, दिंडीतल्यासारखे, फक्त पुढं जात नव्हते.

शेजारी तुळशीवृंदावन उतरवून बसलेल्या मावशी हे बघत होत्या. "काय लिवताय माउली?"

"विठ्ठल लिहितोय."

"मग लिवा की."

"येत नाही."

मावशींनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, तिचं वर्णन करणार नाही. वयानं साठी ओलांडलेला, चष्मा लावलेला, वारीत चालणारा माणूस, आणि त्याला विठ्ठल लिहिता येत नाही. त्यांनी कमरेची चंची सोडून मला खडीसाखर दिली आणि सावकाश समजावलं, "दमानं घ्या. येतंय."

मग आठवलं की हा टॅबही आहे. पडदा उपटला, पडद्यावरचा कीबोर्ड उघडला. त्यानं अर्धा पडदा व्यापला, पण ठ मोठा, स्पष्ट, बोटाजोगा. आनंदानं बोट ठेवणार, तोच भुरभूर सुरू झाली. पाण्याचा थेंब आणि माणसाचं बोट यांत या पडद्यांना फारसा फरक कळत नाही. आषाढाच्या सरीनं माझ्यासमोर दीड ओळ मजकूर लिहिला, एक फाइल उघडली आणि आवाज पूर्ण मोठा केला. धोतराच्या सोग्यात गुंडाळून यंत्र आत घातलं.

बोरगावच्या मुक्कामाला मी पालखीचं दर्शन घेऊन गुपचूप श्रीपूरला घरी झोपायला आलो. घर इतकं जवळ असताना तंबूत झोपणं मनाला पटेना. हिनं पाय चेपायला तेल दिलं आणि विचारलं, "किती लिहिलंत?" मी म्हटलं, "सुरुवात झाली."

लेख मी अखेर लिहिला, पण युक्तीनं. ट, ठ, ड, ढ टाळायचे. वाट आली की रस्ता लिहायचा. टाळ आले की झांजा. दिंडीचा मेळा केला, घोड्याचा अश्व, थोडंसंचं जरासं. अकलूज, माळीनगर, बोरगाव, वाखरी ही गावं विनातक्रार उमटली. पंढरपूर आलं तिथं भीमातीर. विठोबाला सबंध लेखात सावळा आणि माउली या दोन नावांवर भागवावं लागलं. तुकाराम मात्र झरझर यायचा, त्यामुळं तो गरजेपेक्षा जास्त वेळा आला.

संपादकांचं उत्तर आलं. लेख स्वीकारला होता. 'आपली संयत, किंचित प्राचीन वळणाची शैली आवडली. विठ्ठलाचं नाव न घेता त्याला सर्वत्र जाणवून देण्याचा प्रयोग विशेष.' मी ते पत्र दाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हंजी मालदांडी म्हणून खपलं म्हणा की."

गेल्या महिन्यात पुन्हा नवी पेठेत गेलो. जुनं यंत्र आता चार्जर लावल्याशिवाय डोळे उघडत नाही. या खेपेला वही नेली नाही, खिशात सहा इंची पट्टी नेली. काउंटरवरचं पोर नवं होतं. त्यानं रॅम सांगायला सुरुवात केली, मग प्रोसेसर, मग कसल्या तरी कोअरांची संख्या.

"ते राहू दे," मी म्हटलं. "आधी मला याचा ठ किती रुंद आहे ते मोजू दे."

त्यानं कीबोर्ड काचेवर ठेवला, डावीकडून उजवीकडं सगळी बटणं वाचली, उलटा करून खालूनही पाहिला आणि आतल्या बाजूला हाक मारली, "शेठ, ह्यात ठ कुठं असतो ओ?"