थोडे पोचे असलेली गाडी

नुकत्याच अठरा पूर्ण झालेल्या मुलीसाठी गाडी घ्यायची, तर ती आधीच कुणीतरी कुठेतरी ठोकलेली असावी, असं माझं ठाम मत आहे. नव्या गाडीवर पहिला ओरखडा पडला की घरात सुतक लागतं. जुन्या गाडीवर नवा कुठला आणि आधीचा कुठला, हे मालकालाही सांगता येत नाही. शिकणाऱ्याला अशीच शांतता हवी.

डोंबिवलीच्या ताईने हे ऐकून फोनच ठेवला. गाडीचा हट्ट मुळात तिचा. भाचीचं कॉलेज ठाण्यात. ९ जून २०२५ला मुंब्र्याच्या वळणावर भरलेल्या लोकलमधून माणसं पडली, तेव्हापासून लेक घरात पाऊल टाकेपर्यंत ताई गॅलरीतून हलत नाही. त्या गॅलरीपुढे माझा विनोद चालत नाही, चालूही नये.

दाजी नव्या गाडीच्या पक्षाचे. २२ सप्टेंबर २०२५ला, ऐन घटस्थापनेला, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हा त्यांना देवीचा कौल वाटला. आजीला गाडी उंच हवी, कारण गुडघे. भाचीच्या धाकट्या भावाला, वय वर्षं पंधरा, सनरूफ हवं. त्यातून डोकं बाहेर काढून शिळफाट्यावर तो नेमकं काय बघणार होता, देव जाणे. जिला चालवायची ती एवढंच म्हणाली, "लाल नको." तिला "रंगावर काय जातेस" म्हणून गप्प बसवलं.

शेवटी भाव ऐकून दाजी जुन्यावर आले आणि आमची शोधमोहीम निघाली. जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचल्या की महाराष्ट्रातले सगळे डॉक्टर सतत गाड्या विकत असतात असं वाटतं. सगळ्या गाड्या सिंगल ओनर, सगळ्या बाईंनी चालवलेल्या, आणि सगळ्या फक्त शिर्डीला जाऊन आलेल्या. कल्याणच्या बाजूला गाडी बघायची तर आधी ती हुंगावी. उल्हास आणि वालधुनी पावसाळ्यात कुणाच्या पार्किंगमध्ये शिरतील याचा नेम नाही, आणि पाण्यात गेलेली गाडी कितीही अत्तर मारलं तरी पायाखालच्या कार्पेटमधून खरं बोलते. दाजी बॉनेट उघडून गंभीरपणे बघायचे. काय बघायचे, ते आम्ही विचारलं नाही. आजीने एका गाडीला नाक लावलं आणि "ही भिजलेली" म्हणून तिथल्या तिथे निकाल दिला. एजंटचा चेहरा बघून निकाल बरोबर असावा.

पोचे जुने चालतील, पण सुरक्षेची सामग्री जुनी चालणार नाही, एवढी अट मी घातली. म्हणून १ जुलै २०१९ नंतर तयार झालेलीच गाडी. तेव्हापासून ड्रायव्हरपुढची एअरबॅग सक्तीची झाली, मागे पार्किंगचा सेन्सर आला, आणि ताशी ८० किलोमीटरच्या वर गेलं की टुणटुण करणारी घंटीही आली. शेवटी मिळालेल्या गाडीत हे सगळं होतं. शिवाय उजव्या दारावर एक देखणा पोचा. पैकी घंटी वाजते की नाही हे अजून कळलेलं नाही. कल्याण-शिळ रस्त्यावर काटई नाक्याला ती वाजवून दाखवेल त्याला मी जेवण देईन. इतर गावांतले आईबाप पोरांच्या वेगाला घाबरतात; आमच्याकडे ती काळजी रस्त्याने स्वतःच्या अंगावर घेतली आहे.

मग किल्लीचा प्रश्न. पंधरा वर्षांचे चिरंजीव "मला येते चालवायला, गेममध्ये येते" म्हणत होते. दाजींनी मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं: अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. कैदेचं ऐकून मुलगा हसला. पंचविशीचं ऐकून घास तसाच राहिला. तरीही आजीने किल्ली देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या मागे ठेवली. आता गाडी काढायची तर आधी आंघोळ करावी लागते.

भाची शिकली मात्र झकास. क्लासच्या गाडीत शेजारच्या सरांच्या पायाखालीही क्लच-ब्रेक असतो, त्यामुळे सुरुवातीला गाडी नक्की कोण चालवतंय हे दोघांनाही ठाऊक नसतं. कच्च्या लायसन्सनंतर पक्क्यासाठी निदान ३० दिवस थांबावं लागतं. त्या काळात पुढेमागे लाल एल लावून ती निघाली की रिक्षावाले आदराने बाजूला होत. पक्कं लायसन्स आल्यावर तो आदर संपेल, म्हणून तिने एल काढलाच नाही.

खरा घोळ गाडी लावण्याचा. इमारतीखालची स्टिल्ट पार्किंग बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१०मध्ये दिला. तेव्हापासून बिल्डरशी होणारी भांडणं सोसायटीच्या सभेत होतात. २०२५मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक, जे आमच्या ठाण्याचेच आमदार, म्हणाले की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नको. कल्पना उत्तम आहे. फक्त ती अमलात आली तर डोंबिवलीत गाडीऐवजी जागेलाच हार घालून पेढे वाटावे लागतील. ताईच्या सोसायटीत चिठ्ठ्या टाकल्या, आणि भाचीच्या वाट्याला दोन खांबांमधली अशी जागा आली की गाडी आत गेल्यावर माणूस बाहेर येऊ शकत नाही. चांगलं सनरूफ घेतलं असतं तर उपयोग झाला असता, हे चिरंजीवांनी ऐकवलंच.

गेल्या रविवारी ती आईला आणि आजीला घेऊन मोठागाव-माणकोली पुलावरून आमच्याकडे नौपाड्यात आली. पुलावरून झरकन आली, आणि आमच्या गल्लीत अडकली. आमच्या वॉचमनने एमएच-०५ बघितलं आणि "बाहेरची गाडी आत नाही" म्हणून फाटक लावलं. मी एमएच-०४वाला, माझं वजन वापरून बघितलं. त्याने मलाही आत ढकललं. खालून फोन आला, "मामा, लावायला जागाच नाही. तुम्हीच या." मग मी थर्मास घेतला, हिने पोह्यांचा डबा घेतला, आणि आम्ही मागच्या सीटवर आजीला चिकटून बसलो. गोखले रोडवरून राम मारुती रोडवर, तिथून परत गोखले रोडवर, असा पाहुणचार चालला होता. ताईने चौकशी केली, आजीने माझ्या पोटाबद्दल मत दिलं, सिग्नलला चहा झाला. तिसऱ्या फेरीला आम्हाला फाटकाशी उतरवताना भाचीने आरशातून बघितलं.

"मामी, पुढच्या वेळी वड्या कर. पोहे गिअरमध्ये जातात."