पंच राहिला

आमच्या कळंब गावात माणसाची ओळख करून देण्याचा एक जुना शिरस्ता आहे. प्रथम त्याचे शिवार सांगावे, मग त्या शिवाराला नीरा डाव्या कालव्याच्या कोणत्या चारीचे पाणी मिळते ते सांगावे, त्यानंतर त्याचा चुलता, चुलत्याची सोयरीक आणि त्या सोयरिकीत कोणाचे मानपान राहून गेले याचा निर्वाळा द्यावा, आणि एवढे सगळे यथासांग पार पडल्यावर, ऐकणाऱ्याच्या हातातील चहा निवला असल्यास दुसरा मागवून, मूळ इसमाकडे वळावे. मी महसूल खात्यात ३१ वर्षे कारकुनी केली असल्यामुळे हा शिरस्ता मला केवळ मान्यच नव्हे तर प्रियही आहे. प्रस्तुत व्यक्तिचित्राचा नायक मात्र अशा एका नव्या दुनियेत उमेदवारी करीत आहे, की जिथे माणसाला आपले नाव, गाव, दुःख आणि त्या दुःखावरचे हसू ही सर्व कैफियत अवघ्या ५ मिनिटांच्या मुदतीत रुजू करावी लागते, आणि मुदत भरताच समोर बसलेला एक पोरसवदा मनुष्य मोबाइलचा दिवा दाखवून त्याला बरखास्त करतो. या दुनियेला ओपन माइक म्हणतात.

तिच्यातील उमेदवाराला मी माझ्या सोयीसाठी माइकवीर म्हणतो. खरे नाव देत नाही, कारण एक नाव दिले तर पंचक्रोशीतील निदान पाच घरे ते आपल्याच चिरंजीवांचे समजून माझ्यावर रुसतील. वय पंचविशीच्या अलीकडे-पलीकडे, पदवी अभियांत्रिकीची, पुण्यात दोन वर्षे नोकरी करून ‘सध्या घरूनच काहीतरी चालू आहे’ या सर्वसमावेशक व्यवसायावर तो गावी परतलेला असतो. कळंबला लागूनच, शेठ वालचंद हिराचंद यांनी गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात साखर कारखान्याभोवती वसविलेले वालचंदनगर आहे, आणि साखरेपासून आरंभ करून तेथील यंत्रशाळेने अवकाशात झेपावणाऱ्या प्रक्षेपकांची कवचे घडविण्यापर्यंत मजल मारली आहे. अशा पुण्यभूमीपासून हाकेच्या अंतरावर वाढलेल्या मुलाचा विनोद मात्र जमिनीवरून चार बोटेही उठू नये, हा दैवदुर्विलास त्याच्या वडिलांना फार लागतो.

हे वेड त्याला उसात लागले. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास या दुष्काळी मुलखात आला आणि त्याच्यामागून ऊस, साखर, कर्जरोखे व राजकारण अशा क्रमाने सुबत्ता आली. परंतु पाण्याची पाळी पाटकऱ्याच्या मर्जीने आणि विजेची पाळी त्याहूनही अगम्य अशा कोणाच्या तरी मर्जीने येत असल्यामुळे, शेतकऱ्याच्या मुलाला रात्री दोन वाजता गमबूट चढवून आणि बॅटरी घेऊन दारे धरायला जावे लागते, यात काडीचाही फरक पडला नाही. पाणी सरीच्या टोकाला पोचेपर्यंत करायचे काय? बांधावर बसून हा मोबाइलवर ‘भाडिपा’ या मराठी यूट्यूब वाहिनीच्या मंडळींचे स्टँडअप पाहू लागला, आणि ऐन मध्यरात्री उभ्या उसातून एकट्या माणसाचे खदखदून हसणे ऐकू आल्यामुळे शेजारच्या बांधकऱ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी घरी अंगारा पाठवून दिला. अंगाऱ्याने गुण आला नाही. महिन्याभरात मुलगा हसण्याचा सोडून हसविण्याच्या मार्गाला लागला, आणि हा रोग बळावल्यावर त्याला उतार नसतो, हे जाणकारांस ठाऊक आहेच.

तेव्हापासून त्याच्या दृष्टीने सृष्टीतील यच्चयावत वस्तू ‘मटेरियल’ झाल्या आहेत. वडिलांनी शिवी हासडली की तो खिन्न न होता ती मोबाइलमध्ये टिपून घेतो, आणि वर ‘अण्णा, परत एकदा म्हणा’ अशी विनंती करतो. दशक्रियेला नदीवर गेला असता कावळा शिवेना म्हणून सारे नातलग हात जोडून उभे होते आणि हा एकटा त्या कावळ्याच्या ‘टायमिंग’ची प्रशंसा करीत होता. स्थळे पाहण्याचा प्रसंग तर त्याची खाणच. ‘मुलाला शेती किती आहे’ असे विचारून झाल्यावर ‘पण मुलगा शेतात जात नाही ना’ असे विचारणारे वधुपिते त्याला आजवर सात भेटले. त्या सातही नकारांचा त्याने ‘सेट’ बांधला आहे. आमच्या भागातील प्रत्येक माइकवीराच्या पोतडीत हा शेतकरी नवऱ्याचा विनोद असतोच, आणि तो ऐकून शहरातील मुली मनमुराद हसतात. त्यांतली एकही पुढे स्थळ म्हणून येत नाही, एवढेच त्या विनोदातील वैगुण्य.

घरातील ज्येष्ठांना या विद्येची परिभाषा समजावून देणे हे निराळेच संकट. एकदा तो बारामतीच्या ओपन माइकहून हिरमुसून परतल्यावर आजोबांनी विचारपूस केली, तेव्हा तो म्हणाला, “आबा, आज पंच बसला नाही.” आबांची हयात तंटेबखेड्यांत गेलेली. ते म्हणाले, “आरं, पंच बसलं न्हाईत तर निवाडा कसा व्हायचा? फुडची तारीख घे.” पंच म्हणजे विनोदाचा शेवटचा तडाखा, ज्यासाठी आधीची सारी उठाठेव, हे त्याने परोपरीने सांगितले, पण ज्यांनी जत्रेतील तमाशाच्या फडात काळू-बाळूंना डोळे भरून पाहिले आहे त्या आबांची शंका मूळ गाभ्यालाच हात घालणारी होती. “आन् तुज्यामागं ढोलकी कोन वाजवतंय?”

मला हा प्रश्न मार्मिक वाटला. तमाशातील सोंगाड्या बतावणीत गावच्या पाटलाची, क्वचित पुढच्या रांगेत बसलेल्या फौजदाराचीही, समक्ष रेवडी उडवीत असे. परंतु एखादी कोटी वाया गेली तर तिचे प्रेत झाकायला मागे ढोलकीवाला तत्पर होता, आणि त्याचीही थाप चुकली तर नाचणारीचे चाळ होते. १९६५ साली वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगभूमीवर आले आणि दादा कोंडके त्यात ऐनवेळी सुचेल ते बोलून घर डोक्यावर घेऊ लागले, तेव्हाही सोबतीला भरगच्च संच होताच. माइकवीराला ना फड, ना संच. त्याची कोटी वाया गेली तर तिच्यावर पांघरूण घालायला कॉफी दळण्याचे यंत्र तेवढे असते, आणि ते नेमके कोटी जमली असतानाच घरघरते.

तरीही माझ्या मते खरी अडचण ढोलकीची नाही, मुदतीची आहे. आमच्या नदीपलीकडच्या अकलूजला १९२७ साली जन्मलेले द. मा. मिरासदार, आणि त्यांच्या जोडीला शंकर पाटील व व्यंकटेश माडगूळकर, हे तिघे गावोगाव कथाकथन करीत, तेव्हा त्यांनाही मागे ढोलकी नव्हती आणि अंगावर सोंग नव्हते. पण एक कथा सुखाने पाऊण तास चाले, आणि कथेतील माणूस ओट्यावरून उठून अंगणात येईपर्यंत श्रोते त्याच्या सात पिढ्यांशी परिचित होऊन गेलेले असत. १९७९ पासून प्रा. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मध्ये एकट्याने बावन्न पात्रे उभी करीत, त्याला तीन तास लागत, आणि ते वऱ्हाड लवकर पोचावे अशी घाई कोणी केल्याचे ऐकिवात नाही. आमच्याकडे हसू हे उसाच्या पाण्यासारखे सरीसरीने पुढे सरकते; त्याला टोकापर्यंत पोचायला रात्र लागते. ज्या मुलाचे कान अशा पाल्हाळावर पोसले, त्याला ५ मिनिटांत ‘टाइट’ व्हायला सांगणे म्हणजे खिलारी बैलाला मांजराच्या वाटेने घरात शिरायला सांगण्यासारखे आहे.

हे सारे मी ऐकीव माहितीवर बोलत नाही. गेल्या हंगामात एका गुरुवारी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी बारामतीच्या एका कॉफीच्या दुकानात जातीने हजर राहिलो. आत शिरताच कळले की ऐकायला पैसे नाहीत, बोलायलाही नाहीत, मात्र दोन्ही पक्षांनी काहीतरी प्यायलेच पाहिजे. मी ‘साधी कॉफी’ मागितली. त्यांच्या लेखी साधी म्हणजे दूध व साखर दोन्ही वर्ज्य केलेली, हे मला उशिरा उमगले. आणि तेही तिन्ही बाजूंनी साखर कारखाने असलेल्या मुलखात! श्रोते एकूण १४. त्यांपैकी ११ जण स्वतःच्या पाळीची वाट पाहणारे, दोन जण एकमेकांव्यतिरिक्त कशाकडेही न पाहणारे, आणि चौदावा मी. वाट पाहणारे ११ जण ओठांतल्या ओठांत आपापला मजकूर घोकत होते. त्यांपैकी कोणी दुसऱ्याच्या विनोदाला हसणे शक्यच नव्हते. मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट पाहणारा पक्षकार दुसऱ्याच्या दाव्यात कधी लक्ष घालतो काय?

सूत्रधाराने, ज्याला तिथे होस्ट म्हणतात, ‘बारामती, कसे आहात?’ असा पुकारा तीनदा केला; बारामतीच्या वतीने तिसऱ्या खेपेस आम्ही कसेबसे ‘बरे आहोत’ म्हणालो. मग एका मुलीने आपल्या आईच्या व्हॉट्सअ‍ॅपविषयी सांगितले, ते खरोखरच चांगले होते. एका मुलाने पुण्याच्या वाहतूक कोंडीवर कोरडे ओढले. तो राहणारा बारामतीचा, कोंडी त्याने आयात केली असावी. बाकीच्यांविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही.

नवव्या क्रमांकावर आमचे चिरंजीव उभे राहिले आणि पहिलेच वाक्य बोलले, “माझ्या चुलत्याची मोटार चोरीला गेली.” श्रोत्यांनी सहानुभूतीने माना हलवल्या, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर चार चाकांची मोटार होती. ती विहिरीवरची, पाणी उपसण्याची, पाच अश्वशक्तीची मोटार आहे, हा खुलासा करण्यात पाऊण मिनिट गेले. मग विहीर सामाईक असल्याचे सांगणे प्राप्त झाले. त्यात चुलत्याचा हिस्सा सहा आणे, थोरल्या भावकीचा आठ आणे, उरलेले दोन आणे कोर्टात. आणि त्या दोन आण्यांचा दावा समजल्यावाचून चोरीच्या रात्री विहिरीवर कोणीच झोपायला का नव्हते, हे समजणार कसे? कारकून या नात्याने सांगतो, त्याने एकही अनावश्यक शब्द उच्चारला नाही. मी तर अगदी रंगून गेलो होतो. पोलीस पंचनाम्यासाठी बांधापर्यंत येऊन पोचले, फटफटी उभी राहिली, आणि त्याच क्षणी समोरून दिवा लागला. “पण... पंच राहिला,” असे पुटपुटत तो खाली उतरला. होस्ट माइक हाती घेऊन म्हणाला, “भावा, आधी विहिरीतनं बाहेर तर ये!” त्यावर मात्र अकराच्या अकरा जण हसले.

परतताना काटेवाडी मागे पडेपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. भवानीनगरच्या अलीकडे गाळप हंगामातील ट्रॅक्टरांची रांग लागली. दोन-दोन ट्रॉल्या, वर डोंगरासारखा ऊस, आणि ट्रॅक्टरवर कोणते तरी गाणे कर्णकर्कश लावलेले. ओलांडून जाण्याची सोय नव्हती. मी मागून म्हणालो, “त्या दोन आण्यांच्या दाव्याचा निकाल काय लागला रे?”

“नाना, त्याची वेगळीच गोष्ट हाय,” तो म्हणाला, आणि तिथून जंक्शनच्या फाट्यापर्यंत, उसाच्या मागे बैलगाडीच्या वेगाने जात असता, त्याने मला सर्व वृत्तांत आरंभापासून सांगितला. पंचनाम्याला दोन पंच हवेत म्हटल्यावर उद्या कोर्टाचे समन्स आपल्या नावे निघेल या भीतीने जमलेले गाव कसे पांगले. एक पंच म्हणून खुद्द चुलत्याच्या मेव्हण्याला कसे धरून बसविले. दुसरा मिळेना तेव्हा वाटेने सायकलवरून जाणाऱ्या एका गृहस्थाला जमादाराने कसे अडविले, आणि ‘साहेब, मला लई काम हाय’ अशा त्याच्या गयावया न जुमानता त्याला बाभळीखाली कसे बसते केले. मोटारीचे वर्णन सांगताना चुलता अडखळू लागला, तेव्हा हा दुसरा पंच आपण होऊन मदतीला धावला. मोटारीचा रंग, कंपनी, पंख्याच्या झाकणाला असलेली चीर आणि ती चीर बांधायला वापरलेली तांब्याची तार, एवढे सगळे त्याने न विचारता सांगितले. आणि असा जागरूक नागरिक या गावात आहे म्हणून जमादाराने त्याचे कौतुक करून चहा पाजला. हसता हसता मी मोटारसायकलवरून पडण्याच्या बेतात होतो. घड्याळ पाहिले तर पन्नास मिनिटे झाली होती.

पुढच्या गुरुवारी त्याने पुन्हा नाव नोंदविले आहे, आणि दावा, भावकी व मेव्हणा गाळून गोष्ट ५ मिनिटांत बसविण्याचे त्याचे प्रयत्न चालू आहेत. मला ते पसंत नाही. ज्यांना ती मुळाबरहुकूम ऐकायची असेल त्यांनी कळंबला पाण्याच्या पाळीच्या रात्री बांधावर यावे. चहाची व्यवस्था माझ्याकडे. तो पंचनामा अद्याप दप्तरी आहे, आणि पंच क्रमांक २ म्हणून त्यावर, वळणदार अक्षरात, पूर्ण नाव व पत्त्यासह जी सही आहे, ती चोराची.