गडग्यावरचं वकीलपत्र

शेजारची वहिनी रातांब्यांची सोलं उन्हात पसरत होती. आगळाने कोपरापर्यंत लाल झालेले हात तसेच गडग्यावर टेकले नि म्हणाली, "माई, आयकलंव? आमच्या भावोजींचो झील वकील झालो. आणि आता म्हणता, कोर्टात जावचंय नाय! साप्ताहिक काढतलो, मगे नगरपरिषदेक उभो रवतलो."

"मगे बिघाडला काय? टिळकांनी तरी खय वकिली केल्यानी? 1879त एलएल.बी. झाले, पण कोर्टात गाजले ते आरोपी म्हणान."

"आणि पोट?"

"कायद्याचो वर्ग चालवीत. पोरांका वकिलीच्या परीक्षेक बसवीत. 'केसरी'न पोट भरूचा रवला बाजूक, 1891त 'केसरी' नि 'मराठा' कर्जासकट अंगार घेतल्यानी. 1895त मुंबईच्या कौन्सिलात निवडून पण गेले."

कर्ज म्हटल्यावर वहिनीचा चेहरा आंबट झाला. "तेच्यापरीस आमचे नाथ पै बरे. हयलेच, बॅरिस्टर, तीनदा खासदार. छापखान्याच्या भानगडीत पडले नाय."

"तेंका छापखानो कशाक? बोलाक उभे रवले की झाला!"

खरी चहाडी मी मागे राखून ठेवली होती. इकडेतिकडे बघून आवाज उतरवला, जसा काही ज्याची चहाडी, तोच पलीकडच्या माडाखाली उभा आहे.

"1897त राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांका जामीन मिळवून देणारो वकील कोण? दावर. आणि 1908त हायकोर्टात जज्ज म्हणान वर बसलो तो कोण?"

"सांगा नको!"

"तोच! टिळकांनी आपली बाजू आपणच मांडल्यानी, 21 तास. ज्युरीत नव जण. सात गोऱ्यांनी दोषी म्हटल्यानी, दोन पारशांनी निर्दोष. दावरान सहा वर्सां काळ्या पाण्याची शिक्षा नि वर हजार रुपये दंड ठोकल्यान. धाडले मंडालेक."

"मेलो! जेची फी खाल्ल्यान, तेकाच..."

फी घेतली की नाही ते मला काय ठाऊक, पण वहिनीचा निकाल लागला होता. 1916त टिळकांवर परत राजद्रोहाचं किटाळ आलं, तेव्हा वकील जिना होते नि हायकोर्टात टिळक जिंकले, हे सांगेपर्यंत तिचं लक्ष सोलांवर बसलेल्या कावळ्याकडे गेलं. हाकलून आली नि म्हणाली,

"झिलाक सांगतंय, पयलो तो वर्ग काढ. पेपर मागसून."

"काढूंदे. माजो नातू धाडतंय. वाद घालूक तो आतापासूनच तयार आसा."

"फी पण धाडा हां, माई."