लास्ट रेट

भोसरी घ्या, चाकण घ्या, नाशकातलं अंबड घ्या नाहीतर संभाजीनगरचं वाळूज. कारखान्याच्या गेटवर रजिस्टरमध्ये सही करून आत गेलं की एक काचेची केबिन लागते आणि तिच्यात परचेसवाले साहेब बसलेले असतात. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, खिशाला दोन पेनं आणि फोन उचलताच 'हॅलो'च्या जागी 'लास्ट काय?' नटबोल्ट, ग्रीस, हातमोजे हे सगळं तेच घेतात. पण त्यांची प्रतिभा खरी खुलते ती फ्लेक्झिबल केबल घेताना. केबल मीटरवर मिळते, आणि मीटरमागे सुटलेले चाळीस पैसे हजार मीटरला चारशे रुपये होतात, हा हिशेब त्यांना झोपेतून उठवून विचारला तरी येतो.

"लिस्टवर चाळीस, वर पाच," तापकीर गल्लीतले शेठ फोनवर सांगतात. नवखा माणूस पंचेचाळीस टक्के समजून खूश होतो. साहेब कॅल्क्युलेटरला हात न लावता म्हणतात, "म्हणजे त्रेचाळीसच की हो शेठ!" लिस्ट प्राइस ही मुळात कोणीही कधीही न देण्यासाठीच छापलेली असते, हे दोघांनाही ठाऊक असतं. वर १८ टक्के जीएसटी. तो कंपनीला परत मिळतो, हेही साहेबांना ठाऊक असतं. तरी "टॅक्ससकट सांगा" म्हणून एकदा हळहळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. सौदा जमल्यावर, भाजीवाल्याकडे मूठभर कोथिंबीर मागावी तशी ते लग्जची दोन पाकिटं मागतात.

त्यांच्या टेबलाच्या काचेखाली बालाजीच्या फोटोशेजारी एक चिठ्ठी असते: 'एक स्क्वेअर एमएम, शंभर मीटर, तांबं ०.८९ किलो.' साहेबांची सगळी विद्या या एका ओळीत आहे. चार कोर अडीच एमएमची केबल म्हणजे दहा स्क्वेअर एमएम, म्हणजे शंभर मीटरला ८.९ किलो तांबं. किलोचा भाव हिशेबाला हजार धरला तरी ८,९०० रुपयांचं नुसतं तांबं झालं. त्यावर पीव्हीसी, मजुरी, टेंपो आणि शेठच्या धाकट्याची इंजिनिअरिंगची फी. म्हणून कोणी तीच केबल शंभर मीटर सात हजारांत द्यायला निघाला, की साहेबांच्या कपाळावर आठी पडते. स्वस्त मिळाल्याचा आनंद त्यांना होतो, पण महाग सांगितलेलं घासून स्वस्त केलं तरच.

असं सॅम्पल आलं की केबिनचं दार लागतं. साहेब ब्लेडने केबलचं सालपट काढतात, एक कोर सोलतात, कोऱ्या कागदावर तारा पसरतात आणि पेनच्या टोकाने एकेक बाजूला सारत मोजतात. अडीच एमएमला ०.३ मिलिमीटरच्या छत्तीस तारा हव्यात. छत्तीस भरतात. मग क्वालिटीतून मागवलेला मायक्रोमीटर लागतो आणि आकडा येतो ०.२८. ऐकायला हे काहीच नाही. पण हिशेब केला तर तेरा टक्के तांबं गायब!

"शेठ, छत्तीस आहेत, पण सगळे उपाशी आहेत."

"साहेब, आयएस ६९४चा छाप आहे! तारा मोजायच्या नसतात, रेझिस्टन्स बघायचा असतो. किलोमीटरला ७.९८ ओहमच्या आत."

"बरं, मग एक किलोमीटर सॅम्पल पाठवा."

शेठचं म्हणणं तसं बरोबर असतं. स्टँडर्ड तारांची संख्या नाही, रेझिस्टन्स मागतं. पण तेरा टक्के तांबं गेल्यावर रेझिस्टन्स मर्यादेच्या अगदी काठावर जातो, हे दोघेही जाणून असतात, म्हणून विषय तिथेच मिटतो. मग साहेब चाकूच्या टोकाने एक तार खरवडतात. आतून पांढरी निघाली, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनिअम निघालं, तर तो सप्लायर त्या केबिनमध्ये पुन्हा चहा पीत नाही.

दुपारी जेवणाचा डबा धुऊन झाला की साहेब लंडनला जातात. म्हणजे फोनवर. पासपोर्ट काढलेला नाही, पण १८७७ पासून चाललेल्या लंडन मेटल एक्स्चेंजवर तांबं पडलं की चढलं, हे बायकोच्या ब्लडप्रेशरपेक्षा त्यांना आधी कळतं. तांबं चढलं की ते जुन्या कोटेशनवर धावतपळत पीओ सोडतात, तिकडून उत्तर येतं, "व्हॅलिडिटी तीन दिवसांची होती साहेब." तांबं पडलं की ते पीओ दाबून ठेवतात आणि नवा भाव मागतात, तिकडून उत्तर येतं, "जुन्या भावाचा स्टॉक आहे साहेब." चढलेलं तांबं शेठच्या दुकानात त्याच दिवशी पोचतं. पडलेल्या तांब्याला मात्र लंडनहून पुण्याला यायला बोट लागते.

इतका चतुर माणूस हरतो तो ड्रॅग चेनपाशी. मशीनचा स्लाइड पुढेमागे पळतो, त्याच्याबरोबर या साखळीतली केबल दिवसभर वाकते आणि सरळ होते. तिथे खास केबल लागते: तारा आणखी बारीक, पीळ वेगळा, वरचं आवरण वेगळं आणि भाव दुप्पट-तिप्पट. मेंटेनन्सचा पोरगा इंडेंटवर 'चेन केबल' असं स्पष्ट लिहितो, खाली दोन रेघाही मारतो. साहेब विचारतात, "दोन्हींत तांबंच आहे ना?" आणि साधी फ्लेक्झिबल येते. महिन्याच्या मीटिंगमध्ये 'परचेस सेव्हिंग' या रकान्यात आकडा झळकतो.

काही महिन्यांनी मशीन मध्येच थांबायला लागतं. स्लाइड डावीकडे असला की चालतं, उजवीकडे गेला की बंद. केबल बाहेरून नवीकोरी; आतली कोर वाकून वाकून तुटलेली, जागा बदलली की जुळते आणि पुन्हा सुटते. पोरगा आधी सेन्सर बदलतो, मग कार्ड काढून बघतो, आणि दुसऱ्या शिफ्टलाही मशीन बंदच असतं. हा सगळा खर्च 'ब्रेकडाउन' या रकान्यात, म्हणजे मेंटेनन्सच्या नावावर पडतो. साहेब त्या मीटिंगमध्ये मान हलवून सहानुभूती दाखवतात.

मग खास केबलचा इंडेंट पुन्हा येतो. मशीन उभं, मॅनेजर केबिनबाहेर उभा, आणि साहेब तीन कोटेशनांची वाट पाहत बसलेले. शेवटी केबल येते, लागते, मशीन फिरतं. संध्याकाळी साहेब स्टोअरच्या मागे भंगारवाल्याच्या काट्यापाशी दिसतात. जुन्या केबलचं वीस मीटरचं वेटोळं पायाशी, आणि वॉचमन ब्लेड घेऊन उकिडवा बसलेला.

"सगळी सोल. प्लास्टिकसकट दिली तर हा निम्माही भाव देणार नाही."

तांबं पावणेदोन किलोच्या वर भरतं. केबल घेतली तेव्हापेक्षा आता लंडनला भाव चढा आहे. साहेब काट्यावरचा आकडा स्वतः वाचतात, भंगारवाल्याला 'लास्ट काय?' विचारतात आणि आलेली रक्कम या महिन्याच्या सेव्हिंगमध्ये धरायची म्हणून डायरीत टिपून घेतात.